बाकाखालचं टरफल

छावणीत साहेबांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. बाकी सगळे त्यांना ‘हात लावू नका’ म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागे. लष्करी पोलिसांच्या तपास शाखेत त्यांची हयात गेली होती, आणि कुठल्याही गुन्ह्याच्या जागी पोचल्यावर त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघे ते हेच. मग दोरी बांधायची, फोटो काढायचे, ठसे उचलायचे, एकेक वस्तू वेगळ्या पाकिटात घालून लाखेनं बंद करायची. हे सगळं होईपर्यंत कुणीही असो, दोरीच्या बाहेर. एकदा खुद्द कर्नलसाहेब आपल्याच चोरीला गेलेल्या दुर्बिणीपायी मोजे घालून व्हरांड्यात ताटकळले होते, कारण त्यांचे बूट आत होते आणि बुटांचे फोटो व्हायचे होते.

कचेरीत हे शोभून दिसायचं. घरी मात्र नाकी नऊ यायचे. स्वयंपाकघरात बरणी फुटली आणि बायको काचा गोळा करायला वाकली, की मागून आवाज येई, “हात लावू नका कुणी!”

“अहो, पायात घुसेल कुणाच्या तरी!”

“म्हणूनच म्हणतोय. आधी सांग, फुटली तेव्हा कोण कुठे उभं होतं?”

बरणी तिनंच फोडलेली असे, आणि तसं ती पहिल्या झटक्यात कबूलही करी. पण नुसत्या कबुलीवर साहेबांचं पोट भरत नसे. त्यांच्या मते कबुली कुणीही देतो, ती पुराव्याशी जुळायला हवी. तोवर बायको भिंतीला टेकून उभी, गॅसवर दूध उतू चाललेलं.

नव्या पोरांना ते तपासाचे धडे द्यायचे, तेही असेच ठासून. संशयिताच्या चेहऱ्याकडे बघू नका, चेहरा पढवता येतो, पाय पढवता येत नाहीत. दोघांचे जबाब शब्दाला शब्द जुळले तर खूश होऊ नका, खऱ्या गोष्टीत थोडी तफावत असतेच, जुळतं ते घोकलेलं असतं. आणि माणसाला बोलतं करायचं असेल तर त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवा. चहा नाही, खाणं नाही. मारहाणीनं जे होत नाही ते बाक करतो. साहेबांनी जन्मात कुणावर हात उगारला नाही, त्यामुळे आपण फार दयाळू माणूस आहोत असं त्यांना प्रामाणिकपणे वाटे.

इतक्या नोकरीत त्यांची एकच केस सुटली नाही, आणि ती होती त्यांच्या स्वतःच्या डब्याची. काही वर्षांपूर्वी लेकीनं घरून डबा आणला, कचेरीच्या शिपायाकडे दिला आणि ती गेली. साहेबांनी उघडला तर एक उकडलेलं अंडं गायब, लोणी लावलेला पावही निम्मा. पुढे बाहेरच्या बाकाखाली अंड्याचं टरफल सापडलं. साहेबांनी ते चिमट्यानं उचललं, पाकिटात घातलं, लाख लावली. संशय अर्थातच शिपायावर गेला, कारण गडी अंगानं भरलेला आणि खाण्याचा शौकीन. तो बिचारा शपथांवर शपथा घेत राहिला. लेकीलाही विचारलं. ती म्हणाली, “मी तर तसाच्या तसा दिला.” झालं, त्या दिवसापासून शिपायाला साहेबांच्या डब्याला शिवायची बंदी झाली, आणि पाकीट कपाटात जाऊन बसलं.

आता त्याच लेकीच्या लग्नाचं चाललं होतं. म्हणजे चालत नव्हतं, हीच तर अडचण होती. पहिलं स्थळ आलं, त्या मुलाला साहेबांनी कालचा दिवस शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लावला. मुलगा हात धुऊन येतो म्हणाला आणि मागच्या दारानं गेला तो गेलाच. दुसऱ्यानं पाणी पिऊन ठेवलेला पेला साहेब रुमालात गुंडाळताना दिसले, आणि तीही बोलणी तिथेच मोडली.

या वेळी मुलगा लेकीनं स्वतःच पसंत केला होता. कपड्यांचं छोटं दुकान, घरी फक्त आई. लेकीनं सकाळीच बजावलं, “बाबा, आज एक जरी चौकशी केलीत ना, तर मी ती बॅग उचलून जाईन. परत यायची नाही.”

बॅग दाराशी ठेवलेली होती. साहेबांनी कुणी बघत नाहीसं पाहून ती उचलून बघितली. धमकीची बॅग रिकामी असते हा त्यांचा अनुभव होता. ही चांगली जड निघाली. साहेब घाबरले.

म्हणून पाहुणे आल्यावर त्यांनी शहाण्यासारखं वागायचा अगदी आटोकाट प्रयत्न केला. बायकोनं चहा आणला, केक आणला, उकडलेल्या अंड्यांची बशी ठेवली. साहेब हवेवर बोलले, घरभाड्यांवर बोलले. शेवटी विषय संपले आणि गप्प बसवेना म्हणून त्यांनी सहज, अगदी सहज मुलाला विचारलं, “मग, ओळख कुठे झाली म्हणायची?”

“वाचनालयात. एकाच पुस्तकाला दोघांनी हात घातला.”

लेकीनंही महिन्यापूर्वी हेच सांगितलं होतं. तेवढ्यात मुलाची आई हसून म्हणाली, “हो ना, वाचनालयात. एकाच पुस्तकाला दोघांनी हात घातला.”

साहेबांच्या मानेवरचे केस उभे राहिले. तीन जबाब आणि काना-मात्रेचा फरक नाही! त्यांनी दारातल्या बॅगेकडे पाहिलं, जीभ दातांखाली धरली. पण जित्याची खोड ती. त्यांच्या हातून चमचा खाली पडला, किंवा त्यांनी पाडला, आणि ते टेबलाखाली वाकले.

लेकीनं पाय खुर्चीवर घेतले होते. बायकोचे पाय रागावलेले होते. आणि मुलाचा उजवा पाय टाच-चवडा, टाच-चवडा असा एका लयीत हलत होता, शिलाई मशीन चालवावी तसा.

हा पाय त्यांनी पाहिला होता.

“चमचा सापडला नाही का अजून?” वरून बायकोनं विचारलं.

“चमचा सापडला,” टेबलाखालून साहेब म्हणाले. “थोडं जास्तच सापडलं.”

ते वर आले तेव्हा त्यांचे केस विस्कटले होते. “तुम्ही पलटणीच्या शिवणखात्यात होता. ब्लँकेटं चोरीला गेली तेव्हा.”

मुलाचा चेहरा पडला. लेक उठून थेट बॅगेजवळ जाऊन उभी राहिली.

“होतो, साहेब,” मुलगा म्हणाला. “ब्लँकेटं नंतर लाँड्रीतच सापडली. संध्याकाळी आपण दार उघडून म्हणालात, जा. मी गेलो.”

“सकाळपासून बसवलं होतं त्याला, बाबा,” लेक म्हणाली. “मी डबा घेऊन आले तेव्हा तो बाकावर बसला होता. मी विचारलं, काय केलंत तुम्ही? तर म्हणतो, ते मलाही अजून कुणी सांगितलेलं नाही. तो उपाशी होता, आणि आतमध्ये तुम्ही अंडी खाणार होता. म्हणून मी डबा उघडला.”

साहेबांना लाज वाटली. नुसती लाज नाही, कान तापले. कितीजण बसले असतील त्या बाकावर, आणि त्यांनी सगळ्यांचे फक्त पाय बघितले होते.

ते उठून आतल्या खोलीत गेले. लेकीनं बॅगेचा पट्टा खांद्याला लावला. साहेब बाहेर आले ते लाखेचं पाकीट घेऊन. त्यांनी ते फोडून टरफल टेबलावर ठेवलं.

“अगबाई, हे अजून ठेवलंय?” मुलाची आई म्हणाली.

“सोललं कुणी?”

“मी,” मुलगा म्हणाला. “खायच्या घाईत टरफल खाली पडलं.”

“आणि तू,” साहेब लेकीकडे वळले, “खोटं बोललीस तेव्हा तुझे पाय तर जागचे हलले नव्हते!”

“मांडी घालून बसले होते, बाबा. लहानपणापासून तेच करते.”

बायकोला हसू आवरेना. मुलाची आईही पदर तोंडाला लावून हसू लागली. साहेबांनी सोमवारी शिपायाची माफी मागायची असं मनात पक्कं केलं. अख्खा डबाच त्याच्या हातात द्यायचा.

मग त्यांचं लक्ष मुलाच्या बशीकडे गेलं. ती कोरी होती. चहा निवून गेला होता. मघापासून मुलगा हात मांडीवर ठेवून बसला होता, बाकावर बसतात तसा, कुणी सांगेपर्यंत.

साहेबांनी बशीतलं अंडं घेतलं, स्वतःच्या हातानं सोललं आणि त्याच्यापुढे ठेवलं.

“लावा की हात,” ते म्हणाले. “त्या दिवशी मीच द्यायला हवं होतं.”

मुलानं अंडं उचललं. लेकीनं बॅग खाली ठेवली. टेबलाखाली तो पाय थांबला की नाही, ते बघायला साहेब वाकले नाहीत.