माझ्या नावानं दिलेली म्हैस

दोन हजार आठ साल, मला एकाहत्तरावं लागलं होतं. परदेशात मुलाकडे, व्हिटबीत, वाढदिवसाला सुनेनं हातात एका दानसंस्थेचं कार्ड दिलं.

"बाबा, तुमच्या नावानं व्हिएतनामच्या एका गरीब घराला म्हैस दान केलीय."

माझा सगळा जन्म म्हशींत गेलेला. मी विचारलं, "कितव्या वेताची? गाभण आहे का? चारी सड चालतात ना?"

मुलगा हसला. "बाबा, ऑनलाइन दिलीय. तुम्हाला काय धार काढायला जायचंय?"

डोकंच फिरलं माझं. म्हैस भाकड निघाली, तर ते घर तिला वैरण घालता घालता माझ्याच नावानं बोटं मोडणार!

मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्ड खिशात घातलं, बस धरली आणि त्या संस्थेचं ऑफिस उघडायच्या आधीच दारात जाऊन उभा राहिलो.