गोडी परत येईपर्यंत

“याला स्किझोफ्रेनिया म्हणतात,” अकोल्याचे डॉक्टर म्हणाले. “मेंदूचा आजार आहे. करणी नाही, कुणाचा दोषही नाही. औषधाने आटोक्यात येतो.”

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. अकोल्याकडच्या शिरपूर या जैन तीर्थाच्या गावी आमचं कापडाचं दुकान. एसटीतून उतरणारा प्रत्येक यात्रेकरू माझ्याविषयीच बोलतो, अशी माझी खात्री झाली होती. कोणी खोकला तरी तो मला इशारा वाटे. पुढे रिकाम्या दुकानातही आवाज येऊ लागले. माझी बायको सुशीला मला दवाखान्यात घेऊन आली, तेव्हा ती पोटुशी होती.

क्लोरप्रोमॅझिन सुरू झालं. हे अँटिसायकॉटिक, म्हणजे भास आणि संशय कमी करणारं औषध. काही आठवड्यांत आवाज विरले. यात्रेकरू पुन्हा नुसते यात्रेकरू झाले.

पण घासाला चव लागेना. नवा माल आला तरी उलगडून पाहावासा वाटेना. मुलगी झाली. सुशीलाने तिला माझ्या हातात दिलं, आणि मला काहीच वाटलं नाही. कापडाचा तागा धरावा तसा मी तिला धरून उभा राहिलो.

“गोळ्या बंद करतो,” मी म्हणालो.

“कायले? आवाज परत आले तं पोरीले कोन सांभाळंन?” सुशीला म्हणाली. “जे होऊन राह्यलं ते डाक्टरले सांगा. आपुन दोघंबी जाऊ.”

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. “मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. हे महत्त्वाचं, हे हवंसं, अशी खूण ते करतं. तुमच्या आजारात ती खूण कुणाच्या खोकल्यावरही पडत होती. गोळी ती पुसते. पण तिच्यासोबत गोडीची खूणही पुसट होते, असं दिसतं. कधी आजारामुळेही मन असं कोरडं पडतं. डोस हळूहळू कमी करून पाहू. मनाने मात्र बंद करू नका.”

दर खेपेला डोस थोडा उतरत गेला. एकदा आवाज कुजबुजले, तेव्हा किंचित वाढवला. त्या डोसवर माझी घडी बसली. गोळी मी आजही घेतो. तुमच्या घरी कोणी गोळ्या घेऊन दगडासारखं बसत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. डॉक्टरांना सांगा. बोलल्याने वाट निघते.

एका दुपारी गिऱ्हाईक गेलं आणि मी दुकानाचं दार ओढून घेऊन घरी आलो. सुशीला दचकली.

“काहून आले? काय पायजे?”

“काही नाही. पोरीले पाहावंसं वाटलं.”

तिने मुलीला उचलून माझ्याकडे दिलं.