छातीवरचा पेपर

माझे अक्षर वाकडे आहे आणि शुद्धलेखन चौथीतच सुटले, तेवढे सांभाळून घ्यावे.

वाघोबा घाटाच्या माथ्यावर माझी चहाची टपरी आहे. थंडीत दर रविवारी उजाडता उजाडता बोईसरच्या कारखान्यातले एक भाऊ सायकलने घाट चढून येतात. नाव मी कधी विचारले नाही. धाप लागलेली, म्हणून बोलणे दोन-दोन शब्दांचे. "वयनी, चहा. जुना पेपर." पेपर ते शर्टाच्या आत छातीवर पसरतात, म्हणजे उतारावर गार वारा बाधत नाही. चहा पोटात गेला की मात्र तोंड थांबत नाही.

एकदा मी हळूच विचारले, "उतारावर कसं वाटतं?"

त्यांनी सीट खाली केली. "बसा. सांगून कळायचं नाय ते."

लहानपणी मी सायकल चालवायची. पण आता, साडीत, कोणी बघितले तर? तरी मी कासोटा खोचला, स्वेटरात पेपर घातला आणि बसले.

"वळणावर थांबा!" ते मागून ओरडले.

वळणावर गावातल्या दोघी मोळ्या घेऊन येत होत्या. "अगो बाय, ही तर चहावाली!"

"मीच हाय!" मी ओरडले आणि थांबलेच नाही. सपाटी येईपर्यंत मोठमोठ्याने हसत होते.

भाऊ पळत खाली आले. एवढी महागाची सायकल, पण तिच्याकडे बघितलेही नाही. "लागलं नाय ना कुठं?" म्हणाले. माझे हसू थांबेना, तसे तेही रस्त्याकडेला बसून हसायला लागले.