दुसऱ्या ओळीतली वजाबाकी

परळच्या आमच्या चाळीत मी गणितात पीएचडी करते हे सगळ्यांना ठाऊक होतं. नक्की काय करते, ते मला कुणाला नीट सांगता आलं नव्हतं. दोन जातींचे प्राणी, त्यातले एक दुसऱ्याला खाणारे, त्यांची संख्या काळाबरोबर कशी वरखाली होते याची समीकरणं मी मांडायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "उंदीर आणि मांजरं समजा. एक ओळ उंदरांची, एक मांजरांची."

चाळीच्या सेक्रेटरी काकांनी ते लक्षात ठेवलं. त्या वर्षी मागच्या घरगल्लीत, दोन चाळींमधल्या अरुंद बोळात, उंदीर फार झाले होते. काकू तापाने फणफणल्या आणि डॉक्टरांनी लेप्टोचा, उंदरांमुळे पसरणाऱ्या तापाचा, संशय सांगितला. त्यांना ॲडमिट करून काका थेट आमच्या दारात आले.

"तू यातलीच आहेस. विषाच्या गोळ्या टाकल्या तर फरक पडेल का?"

मी लॅपटॉप उघडला, उंदरांच्या ओळीत मृत्यूचा दर वाढवला आणि पुढच्या तीन आठवड्यांचा आलेख काढला. रेघ सरळ खाली गेली.

"पडेल काका. लगेच पडेल."

दुसऱ्याच दिवशी गोळ्या पडल्या. बादल्या भरून मेलेले उंदीर निघाले. लोक जिन्यात थांबवून माझं कौतुक करत होते आणि मला ते आवडत होतं.

पाचव्या दिवशी तळमजल्यावरच्या मालवणी मावशी टॉवेलात मांजर गुंडाळून वर आल्या. माशांची डोकी घालून चाळीतली सगळी मांजरं त्यांनीच जगवली होती. मांजराच्या नाकातून रक्त येत होतं. माझ्या टेबलाशीच ते गेलं.

"तुझ्या गणितात मांजरां आसत काय गो?"

"आहेत मावशी."

"मगे ती मरतली, ह्यां तुका कळूक नाय?"

शनिवारपर्यंत आणखी चार गेली. विष खाऊन सुस्तावलेले उंदीर त्यांना सहज सापडत होते. मी कागद घेऊन बसले. गोळ्यांनी येणारा मृत्यू मी फक्त पहिल्या ओळीतून वजा केला होता. तो दुसऱ्या ओळीतूनही वजा केला, आणि तीन आठवड्यांऐवजी पूर्ण वर्ष चालवून पाहिलं. सुरुवातीला दोन्ही रेघा खाली जात होत्या. मग उंदरांची उसळून वर आली, पहिल्यापेक्षा वर, आणि मांजरांची तळाशीच राहिली. यात नवीन काहीच नव्हतं. हे गणित मी स्वतः कॉलेजात फळ्यावर शिकवलं होतं.

गोळ्यांची दुसरी फेरी रविवारी अकराला होती. साडेनऊला मी काकांकडे गेले. ते हॉस्पिटलचा डबा भरत होते.

"काका, आजच्या गोळ्या थांबवा."

त्यांनी वर पाहिलं नाही. "तूच सांगितलंस ना?"

"चुकले मी. मांजरं संपली की उंदीर दुप्पट वेगाने भरून येतील."

"तिचा रिपोर्ट अजून आला नाही. डोळे पिवळे झालेत. आणि तू मला मांजरांचं सांगतेस?"

मी कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. समजला नसावा; उंदरांच्या वर गेलेल्या रेघेवर मी बोट ठेवलं, तेवढं त्यांना दिसलं.

"खाली सगळे जमलेत," ते म्हणाले. "तू चुकलीस हे त्यांना तू सांग. मी नाही सांगणार."

मी सांगितलं. गोळ्यावाला पिशवी घेऊन उभाच होता. कुणीतरी म्हणालं, "हिची परीक्षा आणि आपला जीव." माझे बाबा गर्दीत मागे उभे होते, मान खाली घालून. शेवटी मावशींनी पदर खोचला आणि घरगल्लीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. "आठ दिस थांबा. तवसर भोकां बुजवया," एवढंच त्या म्हणाल्या. काकांनी गोळ्यावाल्याला परत पाठवलं.

संध्याकाळी रिपोर्ट आला. लेप्टोच होता.

ते आठ दिवस मी नीट जेवले नाही. आम्ही काही जणांनी गटारांच्या फटी सिमेंटने बुजवल्या, जाळ्या बसवल्या, कचऱ्याचे डबे घरगल्लीतून रस्त्याकडे नेले. तरी उंदीर वाढले. एकदाच टाकलेल्या गोळ्यांचा तो परिणाम होता आणि तो माझ्या आलेखात होता, पण हे कुणाला सांगायची माझी हिंमत नव्हती. चाळीत दुसऱ्या कुणाला ताप आला असता तर लोक कुणाच्या दारात आले असते, हे मला माहीत होतं. जिन्यात कुणी खोकलं तरी मी कान देत होते.

दुसरं कुणी आजारी पडलं नाही. काकू तीन आठवड्यांनी घरी आल्या, निम्म्या झालेल्या. उंदीर हळूहळू कमी झाले, ते सिमेंटमुळे की कचरा हलवल्यामुळे, हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही. मावशींनी शिवडीच्या गोदामांकडून टोपलीतून दोन पिल्लं आणली.

काका माझ्याशी बोलायचे बंद झाले ते गणपतीपर्यंत. प्रबंधात मी चाळीतलं ते प्रकरण घातलं नाही. गाइड मॅडम म्हणाल्या, "प्रत्यक्षातलं उदाहरण आहे, घे की." मी म्हटलं, मोजणी नीट झालेली नाही. ते खरंही होतं.