सखारामची बंदूक आणि आमचे भाऊजी

भाऊजी गेल्याचं मला मोटारीच्या ड्रायव्हरनं सांगितलं. जळगाव जामोदहून शेगावला येणारी सर्व्हिस मोटर रोज आमच्या शाळेवरून भोंगा वाजवत पुढे जाते. त्या दिवशी ती फाटकापाशी थांबली. मी वर्गात नकाशा टांगत होतो. ड्रायव्हर रहेमान दाराशी येऊन नुसता उभा राहिला. मी बाहेर आलो तसा तो हळूच म्हणाला, "मास्तर, वकीलसाहेब गेले. सकाळी. ताईनं तुमाले घेऊन याले सांगतलं." परतीच्या वाटेवर त्यानं मला आपल्या शेजारी बसवलं. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला की, एक काळ असा होता, वकीलसाहेब मोटारीत चढले की शेजारचा माणूस तोंड फिरवून उठून मागच्या बाकावर जायचा. साहेब मात्र त्यालाही हात जोडायचे...

पुंडलिकराव म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कमलताईचे यजमान. जळगावच्या कचेरीत वकिली करत. चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. आम्हा घरच्यांना त्यांचा धाक नव्हता, अभिमान होता. ताईच्या लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे राहायला गेलो तेव्हा बाजारातल्या चौकात त्यांची सभा होती, आणि विषय होता हत्यारांचा कायदा. गोऱ्या सरकारनं एका कलमानं सगळा देश निःशस्त्र केला, आपल्या शेतात डुक्कर शिरलं तरी साहेबाला विचारून बार काढायचा, ही कसली माणसाची जिणगानी, असं ते पोटतिडकीनं बोलत होते. या माणसानं जन्मात कधी बंदूक हातात धरली नव्हती. घरात उंदराचा पिंजरा लावायलाही ते ताईला सांगत. मग तुम्हाला बंदूक कशाला, असं मी विचारलं तर हसले. म्हणाले, "मले नाही पाहिजे रे. पण ज्याले पाहिजे त्याले ती मागासाठी कोणाच्या पाया पडा लागू नये."

पुढे निवडणुका झाल्या आणि नागपूरला आपल्या लोकांचं मंत्रिमंडळ आलं. जळगावात त्या दिवशी घरोघर गुढ्या उभारल्या होत्या. भाऊजींचा पक्ष असा निवडून आला होता की समोरच्या बाकांवर नाव घ्यावं असं कोणी उरलंच नव्हतं. भाऊजी पक्षाच्या तालुका समितीचे अध्यक्ष झाले. त्यांच्या बैठकीत आता सकाळपासून माणसं बसलेली असत. कोणाला रस्त्याचं काम हवं, कोणाला पोराची नोकरी, कोणाची नुसतीच ओळख. ताई चहा करून थकून जायची, पण तिच्या चेहऱ्यावर तेज होतं. त्या दिवसांत त्यांच्या घरात कोणी 'नाही' हा शब्द उच्चारलेला मला आठवत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी सखाराम नावाचा एक शेतकरी होता. त्याच्या शेताचा बांध संपला की डोंगर सुरू. त्याच्याकडे बापाच्या वेळची ठासणीची बंदूक होती, पीक राखण्याच्या परवान्याची. ज्वारी हुरड्यावर आली की डोंगरातून रानडुकरांचे कळप उतरत आणि एका रात्रीत वावर लोळवून जात. एक बार काढला की ती फिरत. एवढंच त्या बंदुकीचं काम. निवडणुकीत मात्र सखारामनं भाऊजींच्या पक्षाविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाचा प्रचार केला होता. बैलगाडीला झेंडा बांधून गावोगाव फिरला होता.

निवडणुकीनंतर दोन गावांत मारामाऱ्या झाल्या. त्याचं निमित्त होऊन तालुक्यातल्या परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा झाल्या. काही दिवसांनी त्या परत द्यायची वेळ आली तेव्हा फौजदार भाऊजींच्या बैठकीत येऊन बसला. कोणाच्या परत द्यायच्या ते समितीनं सुचवावं, असं त्याला वरून सांगितलेलं होतं. नावं निघत गेली. सखारामचं नाव निघालं तेव्हा कोणीतरी झेंड्याची आठवण काढली, सगळे हसले, आणि भाऊजी म्हणाले, "त्याची राहू द्या सध्या." हे मला पुढे त्यांनीच सांगितलं. राग नव्हता, म्हणाले. सूडही नव्हता. सगळे हसले आणि आपणही हसलो, इतकं सोपं होतं ते...

त्या दिवाळीत मी जळगावलाच होतो. सखाराम स्वतः बैठकीत आला. उंच, वाळका माणूस, खांद्यावर घोंगडी. खाली बसला नाही. म्हणाला, "वकीलसाहेब, मी मत कोणाले देल्लं थे तुमाले मालूम हाय. मी लपवून नाही राह्यलो. पण डुकरं काई मत इचारून वावरात येत नाहीत जी." भाऊजी म्हणाले, समितीच्या पुढच्या बैठकीत पाहू. त्यांना ते खरंच पाहायचं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. पण ज्वारी बैठकीसाठी थांबत नाही. सखाराम हात जोडून गेला. त्याच्या पाठीवरची घोंगडी वळणापर्यंत दिसत होती.

कणसं भरली. एके दिवशी पहाटे सखाराम गोफण आणि पत्र्याचा डबा घेऊन वावरात गेला. डबा वाजवला तशी कळपातली बाकीची जनावरं पळाली, एक मोठा नर मात्र उलट फिरला. सुळ्यानं मांडी फाडली. बायको सोनाबाई न्याहारी घेऊन गेली तेव्हा तो मचाणाच्या खांबाला टेकून बसला होता. जागा होता, पण बोलणं गेलं होतं. गाडीत घालून दवाखान्यात आणेपर्यंत काही उरलं नव्हतं. ती गाडी ताईच्या दारावरून गेली. भाऊजी कचेरीला निघाले होते. त्यांनी गाडीत डोकावून पाहिलं आणि कोट अंगात तसाच ठेवून, अनवाणी, गाडीमागून चालत दवाखान्यापर्यंत गेले.

त्यानंतरचे भाऊजी निराळे. जेवताना मधेच हात थांबायचा. ताईनं एकदा म्हटलं की, जनावरानं मारलं त्याला तुम्ही काय करणार? ते तिच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "जनावराले मी अडवू शकलो असतो, कमल. एका शब्दानं."

महिन्याभरात बुलढाण्याला जिल्हा कौन्सिलची सभा होती. ते मला सोबत घेऊन गेले. सभेपुढे ठराव होता की, शांततेच्या दृष्टीनं यापुढे हत्यारांचे परवाने तालुका समित्यांच्या शिफारशीनंच दिले जावेत अशी कौन्सिलची सरकारला विनंती आहे. मी प्रेक्षकांच्या बाकावर होतो. भाऊजी उठले. आवाज चढवला नाही. म्हणाले की, ज्या कायद्याविरुद्ध आपण चौकाचौकात बोललो तोच आता आपल्याला गोड लागतो आहे. गोरा निदान सगळ्यांनाच सारखं निःशस्त्र करत होता, आपण आपल्याला मत न देणाऱ्यांना करतो आहोत. पीक आणि जीव राखण्याचं साधन हा शेतकऱ्याचा हक्क आहे, आपल्या पक्षाची बक्षिशी नव्हे. आणि सभागृहात विरोधी बाकावर कोणी नसताना असे ठराव करू नयेत, कारण आपलं चुकलं तर आपल्याला ते सांगणारं इथे कोणी नाही. अध्यक्ष म्हणजे त्यांचे तुरुंगातले सोबती, एका बराकीत झोपलेले. त्यांनी मत घेतलं. ठरावाच्या बाजूनं सगळे हात वर गेले. विरोधात कोण, असं विचारल्यावर भाऊजींनी एकट्यानं हात वर केला. अध्यक्षांनी त्या हाताकडे पाहिलं. नीट पाहिलं, मी साक्षी आहे. मग समोरच्या कागदांकडे नजर वळवून म्हणाले, "एकमतानं मंजूर."

भाऊजींचा हात तसाच वर होता. पुढचा विषय सुरू झाला तरी होता.

राजूरच्या घाटातून मोटर खाली उतरत होती तेव्हा ते पहिल्यांदा बोलले. "मास्तर, त्यायनं मले पाह्यलं, नाही का?" मी म्हटलं, पाहिलं. "मंग काऊन तसं म्हणला असंल?" दरीकडे पाहत ते म्हणाले की, तो माणूस वाईट नाही, आम्ही कोणीच वाईट नाही. पण समोर कोणी उभं नसलं की चांगल्या माणसाला आपलंच बोलणं चहूकडून ऐकू येतं, आणि त्याला वाटतं की सारी दुनिया बोलते आहे. "त्या दिवशी बैठकीत मले तसंच झालं होतं," ते म्हणाले.

पक्षानं त्यांना काढलं. बैठक ओस पडली. पक्षकार दुसऱ्या वकिलांकडे गेले, ताईच्या हळदीकुंकवाला बायका येईनाशा झाल्या. सोनाबाईच्या वतीनं आणि पायथ्याच्या गावांतल्या बाकीच्या शेतकऱ्यांच्या वतीनं भाऊजी बुलढाण्याला डिप्टी कमिशनरापुढे उभे राहिले. तिथे हरले, तेव्हा अमरावतीला कमिशनराकडे अपील नेलं. मत कोणाला दिलं हे परवाना अडवण्याचं कारण होऊ शकत नाही, एवढाच त्यांचा मुद्दा होता, आणि तो मान्य झाला. सोनाबाईनं परवाना आपल्या नावावर मागितला तेव्हा ठाण्यात हसले. बाईमाणूस बंदूक काय करणार? भाऊजी म्हणाले, जे तिचा नवरा करत होता तेच.

बंदूक मिळाली त्या दिवशी सोनाबाई ती घेऊन ठाण्यातून सरळ घरी आली. मी ओसरीवर होतो. तिनं ती दोन्ही हातांवर आडवी धरून भाऊजींच्या पुढे केली, पाहून घ्या अशा अर्थानं. भाऊजी एक पाऊल मागे सरले. हात पाठीशी बांधून उभे राहिले. तिनं बंदूक खांद्यावर टाकली आणि शांतपणे म्हणाली, "तुमीच नेली, तुमीच आणून देल्ली. मधातला माणूस मातर गेला, साहेब." त्यात शाप नव्हता, क्षमाही नव्हती. भाऊजींनी मान हलवली. ती गेल्यावर ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. ताईनं मला खुणेनं बाहेर थांबवलं.

पुढे युद्ध आलं, मंत्रिमंडळ गेलं आणि तेच सगळे सोबती पुन्हा पकडले जाऊ लागले. त्यांच्या केसेस घ्यायला जिल्ह्यात वकील घाबरत होते. भाऊजींनी घेतल्या. 'एकमतानं मंजूर' म्हणणाऱ्या त्या अध्यक्षांचीसुद्धा घेतली आणि जिवाचं रान केलं. मला राहवलं नाही, मी विचारलंच. ते म्हणाले, "आज थे सरकारच्या समोर उभे आहेत ना? समोर उभा राहणारा राह्यला पाहिजे. मंग तो कोणी का असेना." अध्यक्ष सुटून आल्यावर भेटायला आले, जुन्या आठवणी निघाल्या, दोघं हसलेही. त्या वर केलेल्या हाताबद्दल मात्र कोणीच बोललं नाही. ते गेल्यावर भाऊजी बराच वेळ आपल्या उजव्या हाताचा तळवा पाहत बसलेले मी पाहिले आहेत.

स्वराज्य आलं. तोच पक्ष पुन्हा आला, पहिल्यापेक्षा मोठा. भाऊजींनीही गुढी उभारली, आनंदानं उभारली. पण सगळीकडे एकच झेंडा पाहून त्यांना आनंदाबरोबर धास्ती वाटे. ते एकटे निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. पुन्हा उभे राहिले, पुन्हा पडले. लोकांनी चेष्टा केली. गेल्या वर्षापासून छातीचं दुखणं सुरू झालं. शेवटचा भेटलो तेव्हा अंथरुणावर होते. मला म्हणाले, "मास्तर, पोराइले वर्गात 'नाही' म्हणाचं शिकव. मास्तरलेबी."

तेराव्याला पुन्हा गेलो तो ताईजवळ राहिलो. घर जळगावच्या उत्तरेच्या टोकाला आहे, पुढे कणसांवर आलेल्या ज्वारीची वावरं आणि मग डोंगर. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ताई ओट्यावर येऊन बसली. मलाही बस म्हणाली. मग तिनं मला सांगितलं ते मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. ज्वारीच्या दिवसांत सोनाबाई दिवस मावळताना मचाणावरून एक बार काढते. उत्तरेचा वारा असला की तो इथपर्यंत ऐकू येतो, दूरवर दार लोटल्यासारखा. भाऊजी रोज त्या वेळी ओट्यावर येऊन बसत. बार ऐकू आला की उठून जेवायला येत. ज्या दिवशी ऐकू येत नसे त्या दिवशी ताट तसंच राहायचं.

सकाळीच मी बाजारातून ऐकून आलो होतो. शांततेच्या कारणासाठी पायथ्याच्या गावांतल्या बंदुका परवा ठाण्यात जमा झाल्या होत्या. परत कोणाला द्यायच्या ते समिती ठरवणार होती. ताईला हे कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि मलाही सांगवेना.

डोंगर काळा होत गेला. आम्ही दोघं बसून होतो. आत दिवा लावायला हवा होता, पण ताई उठत नव्हती... शेवटी ती म्हणाली, "आज वारा नसंल."

वारा होता. तिच्या पदराचं टोक त्यानं हलत होतं.