काळ्या काचांची जीप

ती घटना आजही आठवली की माझा हात आधी कपाळाला लागतो. सत्तरच्या दशकात मी वाशीमकडे फौजदार होतो. खबऱ्याने सांगितले, "साहेब, मालेगावच्या शेठची जीप रोज शेलूबाजारले येते. साऱ्या काचा काळ्या. आत हातभट्टीची दारूच असन."

काचेतून आरपार दिसले पाहिजे, चालकाची नजर अडता कामा नये, हा नियम तेव्हाही होता. या जीपच्या समोरच्या काचेवरही वीतभर पट्टी सोडून तेलरंग फासलेला. भर दुपारी आम्ही रस्ता अडवला. जीप पन्नास पावलांवर थांबली, जागच्या जागी हलली आणि गप्प झाली. आत उंचापुरा ड्रायव्हर मान वाकवून बसलेला, शेजारी त्याची ठेंगणी बायको, मागे सरकीची पोती. पंचांसमोर पोते न् पोते तपासले. दारूचा थेंब नाही.

ठाण्यात ड्रायव्हरला विचारले, "काचा काळ्या कायले केल्या?"

"दारू नेतो, साहेब. लिहून घ्या, आंगठा देतो."

गुन्हा नाकारणारे मी शेकडो पाहिले होते. मुद्देमाल नसताना गुन्हा मागून घेणारा हा पहिलाच. मी पुन्हा जीपपाशी गेलो. चालकाच्या सीटवर एकावर एक दोन उशा, पाठीशी तिसरी. तो मान वाकवून का बसला होता, ते कळले. उशा त्याच्यासाठी नव्हत्याच; मग हा स्वतः गाडी का चालवत नव्हता?

परत येऊन त्याच्यासमोर बोटे धरली. "किती?"

त्याने डोळे बारीक करून मान पुढे काढली. "साहेबाचा हात हाय."

तेवढ्यात बायको पुढे झाली.

"वर्स झालं, यायले दिसत नाही. गाडी मी चालवून राह्यली."

"तू गप ऱ्हाय," ड्रायव्हर म्हणाला. "साहेब, दारूच्या केसमधून माणूस सुटते. हे समजलं त शेठ नोकरीवरून काढन, अन् गाव मी मेल्यावरबी हासन."

मी तिला विचारले, "गाडी कितीदा ठोकली?"

"एकदा. तवा हेच चालवत होते."

नियमाप्रमाणे दोघांवर खटला भरला. संध्याकाळी शेठ आले, सारे ऐकले, जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या. ड्रायव्हर भिंतीला टेकून उभा होता.

"वर्षभर टायर कसे टिकले, ते आत्ता समजलं," शेठ म्हणाले. "बाईले लायसन भेटते का, साहेब?"

मी नियमांचे पुस्तक उघडले. बाईला मनाई कुठेच नव्हती.

"मंग काढून आण, बाई. तवलोक गाडी उभी."

काळ्या काचेआड गुन्हाच असतो, असे मी समजत होतो. लाजेला गुन्ह्यापेक्षा जास्त आडोसा लागतो, हे त्या दिवशी शिकलो.

ठाण्याच्या अंगणात ती पात्याने काचा खरडत होती. नवरा बाजूला उभा.

"आता बाहेरून तू दिसतं काय?"

"साफ," ती म्हणाली. "पाहू दे लोकायले."