रुमालाची खूण

वहिनींचा फोन आला तेव्हा मी रात्रपाळी करून झोपलो होतो. "भाऊजी, हे बोलत नाहीयेत," एवढंच त्या म्हणाल्या. ठाण्याहून डायलिसिस करून परतताना त्यांची रिक्षा शहाडच्या पुलावर अडकली होती, आणि तिथेच, वहिनींच्या खांद्यावर डोकं ठेवून, दिगूदादा गेला. मोहन्याच्या आमच्या चाळीत तो शेजारच्या खोलीत राहायचा. सख्खा नव्हता, पण भाऊ म्हणावा असा मला तेवढाच होता. पाच आठवडे झाले. त्या दुपारी तो खरं तर रिक्षात नसताच, गाडीत असता, आणि गाडी मी चालवत असतो. ती गाडी मीच सोडून आलो होतो.

चाळीत कोणाला जुनी गाडी घ्यायची झाली की दादावाचून पान हलत नसे. गॅरेजात आयुष्य गेलेलं. डीलरने कितीही चहा पाजला तरी हा आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा. पुरात बुडालेल्या गाडीच्या सीट बदलतात, पण पट्ट्याच्या टोकाचा गाळ कोणी धूत नाही. "डॉक्टरची गाडी आहे साहेब," असं डीलर म्हणाला की हा शांतपणे विचारायचा, "मग डॉक्टर आता चालत जातात काय?" त्याचा नियम एकच. ज्याला गाडी हवी, त्याने आत यायचं नाही, बाहेर टपरीवर बसायचं. "गरज तोंडावर दिसते रे. ती दिसली की भाव उतरत नाही."

मग त्याच्याच किडन्या गेल्या... कल्याणात नंबर लागेना, म्हणून आठवड्यातून तीनदा ठाणे. येताना जिन्यात मध्येच बसून राहायचा. दिवसा मी मोकळा असायचो, गाडी असती तर मी नेणार-आणणार होतो. ठाण्यात कोपरीला एका डीलरकडे एक पसंत पडली. पट्टा मीच ओढून बघितला, स्वच्छ होता. "आज आत तू जा," दादा म्हणाला. हातावरची डायलिसिसची पट्टी झाकायला त्याने भर उन्हात फुल बाह्यांचा शर्ट घातला होता. "मी समोरच्या टपरीवरून बघतो. रुमालाने मान पुसली की उठायचं. मागे बघायचं नाही. फोन येतोच त्यांचा."

पंधरा हजारांच्या फरकावर अडलं. तेवढे माझ्याकडे होते, हो म्हणावं असं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात काचेतून दिसलं, दादा मान पुसत होता. मी उठलो. परतताना रिक्षात खुशीत सांगितलं, "तुझा रुमाल बघितला म्हणून, नाहीतर देऊन टाकणार होतो." त्याने हातातल्या रुमालाकडे बघितलं, मग माझ्याकडे... रुमाल घडी घालून खिशात ठेवला. "बरं केलंस," म्हणाला. "येईल फोन." आठ दिवसांनी तो गेला.

फोन आला, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. "साहेब, तुमच्याच भावात देतो. या." मी कशाला गेलो, माहीत नाही. आत जायचा धीर होईना, म्हणून दादा बसला होता त्याच बाकावर बसलो. समोर डीलरची काच. काळी फिल्म लावलेली. तिच्यात रस्ता दिसत होता, रिक्षा दिसत होत्या, मी दिसत होतो. आतलं काहीच दिसत नव्हतं.

"इथून आतलं दिसत नाही?" मी चहावाल्याला विचारलं.

"नाय. आतून बाहेरचं दिसतं फक्त." मग म्हणाला, "तुमच्याबरोबर ते फुल शर्टवाले होते ना? लय घाम येत होता त्यांना. दोनदा पाणी मागितलं."

दादाने खूण केलीच नव्हती. रिक्षात त्याला ते कळलं, आणि तरी तो म्हणाला, बरं केलंस.

मोबाइल वाजला. डीलर होता. "साहेब, बाहेर का बसलात? आत या ना." मी फोन बंद केला आणि भर रस्त्यात ढसाढसा रडलो. पाऊण तास तो या बाकावर घाम पुसत बसला होता. आणि मी आत भाव करत होतो.